ताटातल्या तांदळात लिहिलेलं नाव

लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. नाव सासूबाईंनी ठरवलं होतं. मला ते मुळीच आवडलं नाही, पण सगळे टाळ्या वाजवत होते, म्हणून मी मान खाली घातली. त्या ताटाचा मला आजही राग येतो.

खानदेशातून मी सुरतेला आले आणि महिन्याभरात पाकिस्तानशी लढाई सुरू झाली. तिथे उधन्यात, कारखान्यांच्या वस्तीत, आमची एक खोली होती. खिडक्यांना काळा कागद लावलेला, डोक्यावरून विमान गेलं की सगळी चाळ गप्प. नवरा कापडाच्या कारखान्यात संच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, होता. घरात तो, सासूबाई आणि मी, अशी तीन तोंडं. रेशनकार्डावर मात्र दोनच.

तिसरं नाव चढवायला गावच्या कार्डावरून ते कमी केल्याचा दाखला लागतो. वडिलांनी तो लगेच पाठवला. त्यावर अर्थातच माझं माहेरचं नाव होतं. नवऱ्याने मोठ्या हौसेने अर्ज भरला आणि त्यात लिहिलं ते तांदळातलं नाव. कचेरीतल्या कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि परत केले. "भाई, आ बे नाम जुदां छे. आ बीजी कोई बाई छे." दोन नावं वेगळी, म्हणजे ही दुसरीच कोणी बाई.

नवऱ्याने आपली रीत समजावून सांगितली. गुजरात्यांत बायकोचं आडनाव बदलतं, नाव नाही, त्यामुळे कारकुनाला ती बनवाबनवी वाटली. म्हणजे गावच्या कार्डावरून मी गेले होते आणि सुरतेच्या कार्डावर आलेच नव्हते.

दोन माणसांचं धान्य तिघांत. त्यातही निम्मी ती लाल मिलो, अमेरिकेहून आलेली ज्वारी, जिची भाकरी तव्यावरच फुटायची. नवऱ्याला तीन, सासूबाईंना दोन, मला एक. भाकरी मीच थापायची आणि सासूबाई टोपल्यात मोजून ठेवायच्या. एकदा मी दुसरीला हात लावला तर त्यांनी टोपलंच ओढलं.

"कारडवर तुनं नाव नही, मंग दुसरी भाकर कसाले?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो ताटात पाहत होता. नंतर म्हणाला, "थोडं सांभाळून घे." काय सांभाळू? पोट? रेडिओवर सांगत होते, देशासाठी सोमवारी एक वेळ जेवू नका. माझा रोजच सोमवार होता आणि त्यात देश कुठेच नव्हता. मला त्या दोघांचा इतका संताप यायचा, की पीठ मळताना माझी बोटं दुखायची.

दीड महिना मी हे काढलं. मग एका सकाळी नवरा कामावर आणि सासूबाई नळावर गेल्यावर पेटीतला दाखला काढला, कार्ड घेतलं आणि विचारत विचारत कचेरी गाठली. तोच कारकून होता. मी म्हटलं, नवं नाव राहू द्या, दाखल्यावरचं लिहा.

त्याने मला वरून खालपर्यंत पाहिलं. "धणीने पूछ्युं?"

"भूक मले लागस," मी म्हटलं. "धनीले इचारीसन लागत नही."

त्याला किती कळलं देव जाणे, पण मागच्या रांगेतल्या दोन बायका हसल्या. त्याने नव्या अर्जावर माझा अंगठा घेतला, मला सही येत असूनही. वर बजावलं, आता हे नाव बदलणार नाही. मी म्हटलं, तेच पाहिजे.

त्याच पंधरवड्यात तिघांचं धान्य आलं. मी पिशवी दारात ठेवली, तेव्हा सासूबाईंनी कार्ड नवऱ्याच्या हातात दिलं आणि वाचायला सांगितलं. त्याने स्वतःचं नाव वाचलं, आईचं वाचलं आणि थांबला.

"वाच ना," मी म्हटलं.

त्याने वाचलं. सासूबाईंचा चेहरा लाल झाला. "ही कोन शे? ह्या नावनी बाई मन्हा घरमा नही. फाडी टाक ते!"

त्याने कार्ड दोन्ही हातांत धरलं. फाडलं असतं तर तिघांची साखर गेली असती, गहू गेला असता. त्याने ते घडी करून देवाच्या फोटोमागे ठेवलं. माझी बाजू घेतली म्हणून नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं.

त्या दिवशी जेवताना मी टोपल्यातून दुसरी भाकरी उचलली आणि सासूबाईंच्या समोर बसून सावकाश खाल्ली. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी मला नव्या नावाने हाक मारली नाही आणि जुन्याने तर नाहीच. शेजारणींत माझा विषय निघाला की म्हणायच्या, "ती, कारडवाली."

भाकरी मात्र त्यांनी पुन्हा कधी मोजल्या नाहीत.