ताईच्या टिपा

माणच्या आमच्या ऑफिसात ताई माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. ती जाऊन तीन महिने झाले होते, तेव्हाची ही गोष्ट.

चाकणच्या कारखान्यांत कुठला ट्रक काय माल घेऊन येतोय, ही माहिती गोळा करणारी आमची जावा प्रणाली. माहिती कशी पाठवायची, हे ताईने कोडमध्येच प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर ॲनोटेशन म्हणून, म्हणजे कोडला जोडलेली टीप म्हणून लिहिलं होतं, आणि तेही मराठीत. 'ट्रकचा नंबर गाळू नका. गेटवरचे काका ट्रक अडवतात आणि ड्रायव्हर मला शिव्या देतो.' सर्व्हर अशा टिपा वाचून मदतीचं पान आपोआप तयार करतो. पण आम्ही सर्व्हर बदलला आणि पानावर नुसती रकान्यांची नावं उरली. चूकही कुठे दिसेना.

"राव, कुरुळीच्या कारखान्याला पान आज संध्याकाळी द्यायचंय," टीम लीडर म्हणाले. "त्या टिपा उडव. दोन-दोन शब्दांचा तक्ता कर."

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबाल?"

"थांबतो की. महिन्याभरात पहिल्यांदा तोंड उघडलंयस."

तिची वाक्यं पुसायला माझा हात धजत नव्हता. सगळी सेटिंग्ज पाहून झाली, तीही दोनदा. मग फाइलच्या अगदी वरच्या ओळींकडे लक्ष गेलं. ॲनोटेशनचं नाव तेच होतं, पण ती घेतली होती जुन्या लायब्ररीतून, म्हणजे तयार कोडच्या जुन्या संचातून. नवा सर्व्हर फक्त स्वतःच्या लायब्ररीतली ओळखायचा. चाकण चौकात आपल्या कंपनीची बस सोडून बाकीच्या बसकडे मान वर करूनही न बघणारा कामगार असतो, तसा.

त्या ओळी मी एकेका फाइलमध्ये बदलल्या. पान उघडलं. लीडर मागे उभे राहून वाचता वाचता हसायला लागले. शेवटची टीप होती, 'अडलं तर टेबलावरच्या फोनवर विचारा. दीड ते दोन नको, जेवत असते.'

"ही तरी काढ."

"असू दे."

त्यांनी पान तसंच कुरुळीला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजून पाच मिनिटांनी ताईच्या टेबलावरचा फोन वाजला. कुरुळीहून कुणीतरी बोलत होतं.

"मघाशीच करणार होतो, पण म्हटलं ताई जेवत असतील. आहेत का?"

"मी त्यांच्या शेजारी बसतो," मी म्हणालो. "विचारा, काय अडलंय?"