नावाडी शेवटपर्यंत आहे

आमच्या प्रेक्षागृहात चारच प्रेक्षक होते आणि चौघेही आडवे. प्रत्येकाच्या हातात दोन सुया, सुयांना नळ्या, नळ्यांच्या टोकाला रक्त धुणारं यंत्र. समोर काहीही चालू असो, चार तास कुणाला उठून जाता येत नाही. शाळेच्या गॅदरिंगची नाटकं बसवण्यात माझी वीस वर्षं गेली, पण इतका निष्ठावान प्रेक्षक मला एकदाही मिळाला नव्हता. तो खामगावच्या डायलिसिस सेंटरमध्ये मिळाला, आणि तिथे मीही त्याच्याच रांगेत पडलेला होतो.

सोमवार आणि गुरुवार, सकाळची पाळी. एक नंबरच्या खाटेवर मी. दोनवर काका. सत्तरी ओलांडलेले, जळगाव जामोदच्या पुढच्या एका गावातून पहिल्या एसटीने यायचे. तरुणपणी त्यांनी पूर्णेवर नाव चालवली होती. पूल झाला आणि नाव काठावर पडून कुजली. तीनवर ताई, पोस्टात नोकरी, माहेर जानेफळचं, जीभ धारेची. चारवर भाजीवाले भाऊ. हा माणूस दिवसभर टमाटे आणि पालक विकायचा आणि डॉक्टरांनी त्याला नेमकं तेच खायला बंद केलं होतं. आल्या आल्या आम्ही वजनकाट्यावर उभे राहायचो. घरी कोणी किती पाणी चोरून प्यालं, ते काटा सगळ्यांदेखत सांगायचा.

भिंतीवर एक टीव्ही होता. ताई त्याला आपला फोन जोडायच्या आणि दर गुरुवारी आम्ही एक मालिका बघायचो. सात जाड पुस्तकांवरून काढलेली, हिंदीत डब केलेली. एक मुकी राणी, तिचे तीन दगाबाज भाऊ, धुकं ओकणारे अजगर, आणि धुक्याच्या सरोवरातून माणसांना पैलतीरी नेणारा एक म्हातारा नावाडी. ताईंनी पहिल्याच दिवशी नियम घातला होता. घरी कोणी पुढचा भाग बघायचा नाही, आणि एक जरी खाट रिकामी असली तरी इथे भाग लावायचा नाही. भाऊ अकोल्याच्या दवाखान्यात भरती होते तेव्हा आम्ही दोन गुरुवार क्रिकेटवर काढले होते.

टीका जोरात चालायची. राजवाड्यातली मेजवानी आली की भाऊ म्हणायचे, "ते टमाटे पाहा. कालचा माल हाये. राजाले फसवलं कोणंतरी." मुकी राणी दरबारात उभी राहिली की ताई म्हणायच्या, "मीबी सायबासमोर अशीच उभी राह्यतो." काकांचं लक्ष फक्त नावाड्याकडे. "वल्हं असं धरते काय बे? दोन हातावर जाऊन बुडशीन." मग बऱ्याच वेळाने हळूच, "पण बसते चांगला. बसणं जमलं त्याले."

सातही पुस्तकं वाचलेला त्या खोलीत मी एकटा. त्यामुळे दर पाच मिनिटांनी मी बोलायचो, "पुस्तकात असं नाही."

"सर, तुमी पुस्तक घरी ठेवून येत जा," ताई म्हणायच्या. "इथं तसंबी रक्त काढून राह्यले."

एका सोमवारी सुया टोचून झाल्यावर काका छताकडे बघत म्हणाले, "सर, मी आता हे बंद करतो. पोराले सांगतलं."

"बंद म्हणजे?"

"येणं बंद. पुरे झालं. पहाटं उठा, त्या पोराले उठवा, गाडी धरा, आन दुसऱ्या दिवशी उभंबी राह्यवत नाही. अर्धं जगणं याच्यातच जाते."

येणं बंद केल्यावर माणूस किती दिवस काढतो, हे आम्हा चौघांना कुणी सांगायची गरज नव्हती. आठ, दहा. फार तर पंधरा. मी उपदेश सुरू करणार, तेवढ्यात ते हसले. "घाबरू नका. तो नावाडी हाये तवरक येतो. तुमी तर वाचलं हाये ना सगळं. मरते काय तो?"

पुस्तकात तो तिसऱ्या खंडात मरतो. राणीला काठावर उतरवतो, नाव परत फिरवतो आणि धुक्यात बुडतो. त्या पानावर मी स्वतः रडलो आहे. पण मी रंगभूमीचा माणूस. डोळ्याला डोळा भिडवून म्हणालो, "छे हो. नावाडी शेवटपर्यंत आहे."

"मंग ठीक हाये," काका म्हणाले आणि डोळे मिटले.

पुढच्या सोमवारी काकांची गाडी उशिरा होती. तेवढ्यात मी ताईंना आणि भाऊंना कट सांगितला. ताईंनी मला आधी झापलं. "शेवटपर्यंत म्हणाचं काय काम होतं? बराच दिस हाये म्हणाचं." मग त्याच कामाला लागल्या. पुस्तकाच्या हिशोबाने त्याचं मरण सहाव्या भागाच्या अगदी शेवटी येत होतं. मी खूण करायची, ताईंनी नेट गेलं म्हणून फोन बंद करायचा, उरलेलं मी तोंडी सांगायचं. भाग आधी घरी बघून ठेवावा, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. नियम म्हणजे नियम.

गुरुवारी सहावा भाग लागला. मी निवांत होतो, माझा प्रवेश शेवटी होता. पण मालिकावाल्यांनी मरण मधेच आणून ठेवलं. राणी अजून काठाला लागलीही नव्हती आणि एक बाण सूं करत आला. पुस्तकात बाण नाहीच. एरवी मी तसं ओरडलो असतो. त्या दिवशी माझ्या तोंडातून "पाणी" एवढंच निघालं.

"मलेबी पाणी," भाऊ म्हणाले.

"पाय आखडला," ताईंनी हंबरडा फोडला. एका हाताने त्यांनी फोन उशीखाली कोंबला आणि पडदा निळा झाला. मागोमाग त्यांनीही पाणी मागितलं. सिस्टर धावत आल्या. ज्यांना दिवसाला मोजून चार पेले पाणी, ते तिघं एकदम पाण्यासाठी ओरडतायत, हे त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच पाहिलं असावं. काकांचे डोळे मिटलेले होते. झोप लागली असेल, असं आम्ही एकमेकांना खुणेने सांगितलं.

सिस्टर गेल्यावर मी खाकरलो आणि सादर केलं. बाण खांद्याला चाटून गेला. म्हाताऱ्याने पाण्यात उडी घेतली. उलटलेल्या नावेखाली दम धरून तो तासभर लपला आणि दुसऱ्या काठाला निघाला.

"कोणत्या काठाले?" काका डोळे न उघडता म्हणाले.

"डाव्या."

"हं."

त्यानंतरचे पाच गुरुवार हे माझ्या आयुष्यातले सर्वोत्तम प्रयोग. टीव्हीवर राणी, तिचे भाऊ आणि अजगर आपापलं करत राहायचे. भाग संपला की काका विचारायचे, "आन आपला म्हातारा?" मग मी सुरू. तो पडद्यावर का दिसला नाही, याचं कारणही मीच द्यायचो. तो मिठाच्या बेटावर आहे, तो नवी नाव बांधतोय. नाव बांधतोय म्हटल्यावर काका माझ्या मानगुटीवर बसले. लाकूड कोणतं? सागाचं. फटी कशानं बुजवल्या? मेणाने, असं मी ठोकून दिलं. "मेणानं? बुडून राह्यला तुमचा म्हातारा," काका म्हणाले आणि सुती चिंध्या, डांबर, त्यावर तापवलेली सळई हे सगळं त्यांनी अर्धा तास समजावलं. पुढच्या खेपेला मी तेच म्हाताऱ्याच्या तोंडी घालायचो. ताई खाटेवरून टोमणा मारायच्या, "आता बरोबर वाचलं सरांनं." काका वेळेवर येत होते. वजन काबूत होतं. मी घरी आरशासमोर पुढचे प्रसंग करून बघत होतो. बायको म्हणाली, दवाखान्यात निघालेला इतका खूश माणूस तिने पाहिला नाही.

बारावा भाग शेवटचा होता. त्याच्या आदल्या सोमवारी ताई आणि भाऊ दोघांनाही झोप लागली होती. काकांनी मान माझ्याकडे वळवली.

"सर, तो मेला. त्याच दिवशी मेला ना?"

मी यंत्रावरचे आकडे वाचू लागलो.

"तीन जण एकदम पाणी मांगतेत तवा समजून जाते माणूस."

"मग इतके दिवस का येत होते, काका?"

"तुमी काय काय सांगता ते पाहाले." त्यांनी मान परत छताकडे वळवली. "पण आता तुमचंबी सरलं, सर. मांगच्या गुरुवारी तो पुन्हा नावीखाली लपला. ते तुमी आधीच सांगतलं होतं."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. शिलकीतला माल संपला, असं भाऊंनी गिऱ्हाइकाला सांगावं, तसं ते होतं.

गुरुवारी दोन नंबरची खाट रिकामी होती. सिस्टरनी फोन लावला. मुलगा म्हणाला, ते नाही म्हणतात, आम्ही हात जोडून पाहिलं. ताईंनी फोन टीव्हीला जोडलाच नाही. शनिवारी मी घरून फोन केला. मुलाने तो काकांच्या कानाशी धरला. मी माझ्या गॅदरिंगच्या आवाजात सुरू केलं, "काका, म्हातारा त्या रात्री मिठाच्या बेटावरून निघाला." पलीकडे श्वास ऐकू येत होता. मी बरंच बोललो. शेवटी काका म्हणाले, "राहू द्या, सर. दमले तुमी." मग मुलाने फोन घेतला.

पुढचा सोमवार गेला, गुरुवार गेला. रविवारी काका गेले.

त्या खाटेवर आता नांदुऱ्याकडचे एक गृहस्थ असतात. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "ते धुक्यावाली सीरियल पाह्यली का? शेवट पार बिघडवला त्याहीनं. फोनवर लोकं शिव्या देऊन राह्यले." ते पुढे सांगू लागले तेव्हा ताईंनी हात वर केला, सुयांचा नव्हे, दुसरा. "आमचा राह्यला हाये. सांगू नका." तो भाग आम्ही अजून लावलेला नाही.

काका गेल्यानंतरच्या बुधवारी नळाखाली हात धूत असताना मला एक प्रसंग सुचला. भर सरोवरात नावेच्या तळाला भोक पडतं. जवळ चिंधी नाही, डांबर नाही. म्हातारा त्या भोकावर टाच दाबून धरतो आणि एका पायावर उभा राहून वल्हवत जातो. टाच बधिर होते, पण तो पाय उचलत नाही. हे मी आधी कधीही सांगितलेलं नव्हतं. यावर काकांनी निदान दोन गुरुवार प्रश्न विचारले असते.