विहिरीच्या ढिगावरची रेल

माझा धाकटा भाऊ सैन्यात आहे. बर्फाच्या प्रदेशात पोस्टिंग मिळाली तेव्हा तो तिथं स्कीइंग शिकला आणि पुढं युनिटच्या संघात गेला. सुट्टीवर आला की मोबाइलवर व्हिडिओ दाखवायचा. पायाला लांब पट्ट्या, म्हणजे स्की, बांधलेली पोरं उतारावरून सुसाट यायची, उडी मारून एका पाइपवर चढायची, स्की पाइपला आडव्या धरून उभ्यानंच त्यावरून घसरत जायची आणि पलीकडं बर्फात उतरायची.

"ह्याला रेल म्हणत्यात, ताई. आमीच केली. साधा प्लॅस्टिकचा पाइप हाय."

मागच्या हिवाळ्यात तो पडला आणि त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बर्फात जायला मनाई केली. लांबलचक रजा घेऊन तो रहिमतपूरजवळच्या आमच्या घरी आला. युनिटनं मोडीत काढलेली स्कीची जोडी आणि बूट सोबत आणले होते, ते त्यानं आल्या आल्या माळ्यावर टाकले. मग दिवसभर सोप्यात पंख्याखाली पडून राहायचा. आईनं हाक मारली की उठून जेवायचा आणि परत आडवा व्हायचा.

मी सांगलीजवळ माधवनगरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तर हे असं. पहिले काही दिवस मी त्याच्याशी गप्पा मारायचा प्रयत्न केला. तो "हूं" म्हणायचा, तेवढंच. शेवटी एके सकाळी मी माळ्यावरून स्की काढल्या आणि रानात गेले.

आमच्या जुन्या विहिरीच्या उपशाचा, दगड-मुरमाचा मोठा ढीग रानात तसाच आहे. त्याची एक बाजू बऱ्यापैकी उतरती. ती मी खोऱ्यानं सारखी करायला घेतली. उसाच्या पाइपलाइनचे उरलेले पाइप बांधाला पडले होते, त्यातला एक ओढत आणला. आमचे वडील, आण्णा, पाण्याची मोटर बंद करून येत होते. ते थांबले.

"पाणी कुठं न्यायचं हाय?"

"पाणी न्हाई आण्णा. मला ह्याच्यावरनं घसरायचं हाय."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग माझ्या हातातलं खोरं घेतलं आणि एक मोठा दगड उपसून बाजूला केला.

पहिला पाइप विटांवर ठेवून मी त्यावर नुसती उभी राहिले, तर मधोमध तडकला. तो पातळ होता. मग जाड पाइप शोधला, खाली निलगिरीचा वासा घातला आणि पाइप वरून स्क्रूनं वाशावर बसवला. दुपारी ऊन चढायचं, पाइप हाताला भाजायचा, तरी मी हटले नाही. उतारावर टाकायला मांडववाल्याकडून जुनी हिरवी गवताची मॅट आणली. ती ओली करून साबणाचं पाणी मारलं की स्की बऱ्यापैकी घसरायची. खाली पडायच्या जागी उसाच्या वाळक्या पाचटाचा ढीग घातला.

भावाच्या कानावर हे गेलंच. एका संध्याकाळी तो काठी टेकत आला. पाइपजवळ येऊन थांबला.

"ताई, माझ्यासाठी करत असशील तर काढून टाक. मला बघवत न्हाई."

त्याचा आवाज शांत होता, म्हणून जास्त लागला. मी घाम पुसत खाली बसले. सुरुवात त्याच्यासाठीच केली होती. पण इतकी वर्षं मी पोरींना खो-खो शिकवला, लांब उडी शिकवली, आणि त्या काळात स्वतः नवं असं काहीच शिकले नव्हते. त्या ओल्या मॅटवर पहिल्यांदा हातभर घसरत गेले तेव्हा जी मजा आली, ती मला पुन्हा हवी होती.

"तुझ्यासाठीच सुरू केलं हुतं," मी म्हणाले. "आता मला स्वतःला यायला पायजे. तुला बघवत नसंल तर बघू नको. मी थांबणार न्हाई."

तो वळून घरी गेला. रात्री जेवून लगेच पंख्याखाली आडवा झाला. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रानात पोचले तर तो माझ्या आधी तिथं होता. वाकता येत नव्हतं म्हणून एक पाय लांब करून जमिनीवर बसला होता आणि पाइपवरून बोट फिरवत होता.

"हे स्क्रू वरनं कुणी मारायला सांगितलं? ह्यात स्की अडकली की तोंडावर पडशील. काढ सगळे."

मी काढले. मग आम्ही नवा पाइप घेतला. तो खालून उभा चिरला, पाचट पेटवून त्यावर शेकला, आणि मऊ झाल्यावर दोघांनी मिळून वाशावर टोपीसारखा चढवला. स्क्रू या वेळी दोन्ही अंगांनी, खाली मारले. वरचा भाग गुळगुळीत राहिला. स्कीच्या, बुटाखाली येणाऱ्या पोलादी कडा त्यानं कानशीनं घासून बोथट केल्या, म्हणजे पाइपमध्ये रुतणार नाहीत. त्या दिवशी तो दुपारी पंख्याखाली गेला नाही.

त्यानंतर मी किती वेळा पडले याचा हिशेब कुणी ठेवला नाही. बूट त्याचेच, मला मोठे. आत मोज्यांवर मोजे. पाचटानं हात-तोंड ओरबाडून निघालं, एकदा मनगट सुजलं. आई हळद लावता लावता म्हणाली, "शाळंत काय सांगणार हाईस?"

"पडले म्हणून सांगीन."

"खरंच सांग मग. वयाचं भान ऱ्हायलं न्हाई म्हणून सांग." असं म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी मॅट भिजवायला पाण्याची नळी धरून तीच उभी होती.

भाऊ ढिगाच्या कडेला खुर्ची टाकून बसायचा आणि तिथून ओरडायचा. पायाकडं बघू नको. गुडघे ढिले सोड. आडवी झालीस की आडवीच ऱ्हा, मधीच विचार करू नको. हा शेवटचा धडा मला सगळ्यात जड गेला. पाइपवर चढले की अंग आपोआप सरळ व्हायला बघायचं, आणि सरळ झालं की मी पाचटात.

शाळा सुरू होण्याच्या आधी, आभाळ भरून आलेलं असताना, मी उतारावरून आले, चढले, आडवी झाले आणि पाइप संपेपर्यंत तशीच राहिले. पलीकडं पायांवर उतरले. मागं वळून बघितलं तर भाऊ खुर्चीतून उठून उभा होता, काठीशिवाय.

"परत कर," तो म्हणाला. "एकदा कुणालाबी जमतंय."

परत केलं तेव्हा पडले. मग पुन्हा जमलं.

दिवाळीनंतर तो युनिटला परत गेला. बर्फावर जायची परवानगी त्याला अजून मिळालेली नाही आणि मिळेल असं तो आता धरूनही चालत नाही. स्वतःहून अर्ज करून त्यानं नव्या पोरांना शिकवायचं काम मागून घेतलं. फोन आला की कोण कसा पडला ते सांगतो, आणि मला विचारतो, तुझं काय चाललंय.

माझं चाललंय. सुट्टीच्या दिवशी सांगलीहून सकाळची गाडी पकडते आणि रानात जाते. सध्या दुसरी रेल बांधते आहे, या वेळी थोडी उंच आणि शेवटी खाली उतरती. तिच्या उतरत्या टोकावर मी अजून एकदाही टिकलेले नाही.