बाबांची शेवटची डबलबारी

आमच्या घरातून बाबांचा आवाज दोनदा गेला. पहिल्यांदा बाबांबरोबर, दुसऱ्यांदा माझ्या हातून.

बाबा लालबागच्या आमच्या चाळीतले भजनी बुवा. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, ते कधीच हरले नाहीत (असं ते स्वतःच सांगत). त्यांच्या गाण्याची एकच कॅसेट उरली होती. वर्षश्राद्ध जवळ आलं तशी आई म्हणाली, "माका एकदा त्येंचो आवाज आयकव रे."

"एकदा कशाला? कॉम्प्युटरवर घेतो, कायमचा राहील." (ऑफिसात प्रिंटर अडकला की मलाच बोलावतात. घरात त्यावरून माझ्याबद्दल फार गैरसमज आहेत.)

रविवारी टेपरेकॉर्डरची वायर कॉम्प्युटरला जोडली. बाबांनी पेटीवर सूर धरला आणि आईने डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

"गॅस बंद कर आधी!" मी बायकोवर ओरडलो.

"अहो, हळू. रेकॉर्ड होतंय ना?"

"ते वायरीतून होतं. आपला आवाज त्यात जातच नाही," मी म्हणालो, आणि का जात नाही ते अख्खा अभंग संपेपर्यंत समजावून सांगितलं. शेवटी कॅसेटची पट्टी टेपरेकॉर्डरने गिळली. सोडवायला गेलो तर तुकडे हातात आले. मी म्हटलं, काळजी नको, कॉम्प्युटरवर आलंय.

आलं होतंच. वायर दोन्ही टोकांना नीट बसली नव्हती, म्हणून कॉम्प्युटरने स्वतःच्या माईकने खोलीतलं सगळं टिपलं होतं. लांब कुठेतरी बाबा गात होते. अगदी कानाशी मी सांगत होतो, "आपला आवाज त्यात जातच नाही." मला तिथेच रडू फुटलं. आई आत जाऊन तांदूळ निवडत बसली.

श्राद्धाच्या दिवशी जेवणं झाल्यावर तिनेच ते लावायला सांगितलं. बाबांना पखवाजाची साथ करणारे तात्या समोर बसले होते. बाबा एक ओळ गायचे, मागोमाग मी व्याख्यान द्यायचो, बाबा पुन्हा उचलायचे. तात्या मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"बारी रंगली. समोरचो बुवा कोण?" त्यांनी विचारलं.

"माझो झील," आई माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली आणि वर्षभरात पहिल्यांदा हसली.

तात्यांनी माझ्याकडे बघून निकाल दिला. बाबा अजूनही कधीच हरलेले नाहीत.