रांगोळी काढलेली नाली

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घरासमोरून नाली जाते. तिच्यावर फरश्या आहेत आणि त्यातली नेमकी आमच्या दारासमोरची फुटली. बाबांचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. "काही लागलं नाही," असं ते सगळ्यांना सांगत राहिले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. आम्ही बाकीचे कडेकडेने जायचो. त्यांचा धीर होईना.

त्याआधी ते रोज पाचला दोन गल्ल्या पलीकडच्या शिंप्याच्या दुकानात जात. तिथल्या बाकावर त्यांचे तीन जुने दोस्त बसत आणि त्यांच्याशी भांडल्याशिवाय बाबांना जेवण जात नसे. आता ते पाचला इस्त्रीचा सदरा घालून तयार होत आणि खिडकीशी बसून राहत. मला ते बघवत नव्हतं.

माझ्या मुलीने फोनमध्ये नगर निगमचं अ‍ॅप टाकून दिलं. तिला मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत येतं. "पापा, फोटो खींचो, भेज दो, बस." मी फोन घेऊन दारात गेलो, तर आई आडवी आली.

"काहून रे, असा घाणेरडा फोटो सरकारले धाडून राहिला? थांब, झाडू दे मले."

तिने झाडलं, दोन बादल्या पाणी टाकलं आणि खड्ड्याच्या चारी बाजूंनी रांगोळी काढली. आईपुढे आजवर कोणाचं चाललेलं नाही, माझं काय चालणार! मी तसाच फोटो पाठवला. चौथ्या दिवशी उत्तर आलं, "स्थल स्वच्छ पाया गया. शिकायत बंद." त्यांचं तरी काय चुकलं? इतकी देखणी नाली अख्ख्या रायपुरात नसेल.

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या वेळी मी आईला बजावलं, झाडू नाही, पाणी नाही, रांगोळी तर नाहीच नाही. "हव," ती म्हणाली. हे "हव" मी पन्नास वर्षं ऐकतोय, तरी फसलो. चपला घालून बाहेर येईपर्यंत तिने खड्ड्यावर घमेलं पालथं घातलं होतं आणि घमेल्यावर मोगऱ्याची कुंडी ठेवली होती.

"आई, खड्डा कुठाय?"

"खड्डा काय दाखवाचा लोकायले? पोट्टीची सोयरीक पाहून राहिलो आपण. उद्या कोणी तोच फोटो पाहिला त?"

"नगर निगमवाले सोयरीक घेऊन येत नाहीत!"

"तुले काय माहीत!"

आमचा आवाज खिडकीपर्यंत गेला असणार. बाबा उठून आले. चौकट धरून उंबऱ्यात उभे राहिले आणि मला म्हणाले, "उचल ते." मी कुंडी उचलली, घमेलं उचललं. त्यांनी काठी खड्ड्यात सोडली. ती अर्धी आत गेली. मग त्यांनी माझ्या फोनकडे असं रागाने पाहिलं, की त्यांच्या लग्नाच्या फोटोतला चेहराच मला आठवला.

"घे आता फोटो."

मी काठीसकट फोटो काढला आणि पाठवून दिला.

त्या आठवड्यातच निगमचे दोन कामगार आणि सुपरवायझर नवी फरशी घेऊन आले. ती बसेपर्यंत संध्याकाळ झाली. काम झाल्याचा फोटो टाकल्याशिवाय तक्रार बंद होत नाही, म्हणून सुपरवायझर म्हणाला, "बाबाजी, ज़रा फर्शी पर खड़े हो जाइए."

"रुको भैया, रंगोली तो डालने दो!" असं ओरडत आई आत धावली.

बाबांनी फरशीवर काठी आपटून पाहिली. एकदा, दोनदा. मग एक पाय ठेवला, मग दुसरा. "इधर देखिए, बाबाजी," सुपरवायझर म्हणत राहिला. बाबांनी पाहिलं नाही. पाच वाजून गेले होते.

अ‍ॅपवरच्या त्या फोटोत नवीकोरी फरशी आहे, कडेला रांगोळीचा डबा धरलेला आईचा हात आहे आणि गल्लीच्या वळणावर पाठमोरे बाबा आहेत. आईला तो फोटो अजून आवडत नाही. मला फार आवडतो.

त्या दिवशी बाबा जेवायच्या वेळेला परत आले, तेव्हा त्यांचा घसा पार बसला होता.