धुऱ्यावरचे दोन अंश

भूत, भानामती, करणी... यातलं काहीही मी मानत नाही. गणित शिकवतो हो मी! माणूस खोटं बोलेल, कोन बोलणार नाही, एवढीच माझी श्रद्धा. म्हणून तर हे लिहायला लाज वाटतेय.

आमचं शेत देऊळघाटला. वाटणीनंतर अर्धं दादाचं, अर्धं माझं — मधे धुरा, म्हणजे बांध, आणि त्यावर हद्दीचा दगड. दादा स्वतः कसतो, माझं बटाईने दिलेलं. मी राहतो बुलढाण्याला, आणि लांब राहणाऱ्याच्या मनात शंकेची पाल लवकर चुकचुकते.

माझा मेहुणा जहाजावर आहे. त्याने जुन्या बाजारातून घेतलेला पितळी सेक्स्टंट मला दिला. समुद्रावर सूर्य-ताऱ्यांचा कोन मोजायचं यंत्र. आमच्याकडे समुद्र कुठला! पण आडवं धरलं की जमिनीवरच्या दोन खुणांमधला कोनही कळतो. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये दगडाला टेकून मी विहिरीवरचा खांब आणि देवळाचा कळस यांच्यातला कोन मोजला — ४१ अंश. दगड सरकला तर कोन बदलणार. दादाला पत्ता लागू दिला नाही.

पेरणीनंतर पुन्हा मोजला. ४३! तीनदा मोजला, तरी ४३. म्हणजे दगड चांगला दोन हात सरकलेला. माझं डोकंच फिरलं. बटाईदारासमोर दादाला म्हणालो, "दगड सरकवला तू!"

"काऊन बे, मले चोर म्हणून राह्यला?" दादा म्हणाला.

मी सरकारी मोजणी आणली. दगड जिथल्या तिथे, बोटभरही हललेला नाही. मग मी यंत्राला दोष दिला. मोजणीदाराने ते डोळ्याला लावलं — ४१. दादाला काटा जुळवायला शिकवलं — ४१. लगेच माझ्या हातात... ४३.

डोळ्यांचे डॉक्टर झाले. मेहुणा म्हणाला, यंत्र चुकत असतं तर सगळ्यांचंच चुकलं असतं. शाळेच्या मैदानावर माझं अगदी बरोबर येतं. चुकतं फक्त त्या दगडापाशी, फक्त माझंच.

यंदा दादाने धुऱ्यालगतची त्याच्या बाजूची दोन तासं, म्हणजे दोन ओळी, पेरलीच नाहीत. विचारलं तर म्हणाला, "राहू दे. तुह्या डोयाले तेवढी जागा लागते." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परवा भर दुपारी पुन्हा यंत्र लावलं. दादा विहिरीवरून पाहत होता.

"किती आलं बे?"

"एक्केचाळीस!" मी ओरडून सांगितलं.

काटा त्रेचाळीसवरच होता. तो तिथेच का थांबतो, ते मला अजूनही सांगता येत नाही.