बोरन्हाणाची अट

आमच्या मुलीने जेवावं कसं, या विषयावर ज्याला मत नाही असा माणूस नालासोपाऱ्यात मला अजून भेटायचा आहे. कळंबहून मासे घेऊन दारावर येणारी मावशी म्हणायची, "भाऊ, सुकट भाजून तिचं पानी पाजा पोरीला. जिभेला चव लागली का आपसूक मागंल." खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात अडवून सांगायचे, "अहो, आमचा पण असाच नाटक करायचा. दो दिन भूखा रखो, लाइनवर येते." हा शेवटचा उपाय तर सगळ्यांचाच लाडका. भूक लागली की झक मारत खाईल.

आम्ही ठेवली उपाशी. तेव्हा ती दोन वर्षांची होती. दीड दिवस दूधसुद्धा दिलं नाही आणि तिने ते मागितलंही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने मान टाकली आणि सलाईन लावावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" सांगणारे आपापल्या घरी जेवत होते.

जन्मापासून तिचं दूध पोटातून उलटून घशात यायचं आणि घसा भाजून निघायचा. औषधांनी पोट सुधारलं, पण तोंड ते विसरलं नाही. घास म्हणजे दुखणार, एवढंच तिला ठाऊक. चार वर्षांची झाली तरी बाटलीतलं दूध, त्यात डॉक्टरांनी दिलेली पावडर आणि एकाच प्रकारचं बिस्कीट, तेही कडा न तुटलेलं, एवढ्यावर ती जगत होती. वाटी-चमच्याचा आवाज झाला की दोन्ही हातांनी तोंड झाकायची. या आजाराला नाव आहे, आमच्या फायलीत ते लिहिलेलंही आहे. नातेवाइकांच्या मते त्याचं नाव लाड.

बायको सकाळी सातला अंधेरीच्या ऑफिसला निघते आणि माझी ड्यूटी दुपारची, म्हणून भरवण्याचं काम माझ्याकडे आलं. मी काही संत नाही. चिऊचा घास, काऊचा घास संपले की मी तिचं नाक दाबून डाळीचं पाणी तोंडात ओतायचो. एकदा नाही, बरेचदा. ती ओकायची, मी पुसायचो आणि पुन्हा ओतायचो. हे मी कुणाला सांगत नाही, पण इथे लिहायचं ठरवलं आहे.

मग माणिकपूरला एक थेरपिस्ट ताई मिळाल्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "खाणं विसरा. तिला अन्नाला नुसता हात लावू दे. आणि ती नको म्हणाली की तुम्ही हात मागे घ्यायचा." आठ महिने आम्ही तेवढंच केलं. आधी कोरडे तांदूळ, मग वाटाणे. दिवाळीनंतर एकदा तिने एक चुरमुरा बोटाने पुढे ढकलला. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले आणि कशाचे ते काही सांगितलं नाही.

जानेवारीत बायको म्हणाली, "हिचं बोरन्हाण करू या." पहिल्या संक्रांतीला आम्ही दवाखान्यात होतो, तेव्हा ते राहूनच गेलं होतं.

मी म्हटलं, "वेड लागलंय का? घरभर खाऊ सांडणार."

"म्हणूनच तर. यात खाऊ डोक्यावर पडतो, तोंडात कोंबायचा नसतो. आपल्याकडे असा हा एकच कार्यक्रम आहे."

मी तयार झालो. फक्त मी एक अट घातली आणि ती आमंत्रणातच लिहून बिल्डिंगच्या आणि घरच्या ग्रुपवर टाकली: मुलीला कुणीही 'खा' म्हणायचं नाही आणि काही भरवायचं नाही. आईने वाचून कपाळाला हात लावला.

"अरे, हे आमंत्रण आहे की नोटीस?"

"नोटीसच आहे," मी म्हटलं.

रविवारी पंधराएक बायका आणि त्यांची पोरं जमली. पुरुष मी एकटाच, दाराशी पहारेकऱ्यासारखा उभा. मुलीने काळं परकर-पोलकं घातलं. हलव्याचा हार नको म्हणाली, एक बांगडी मात्र हातात राहू दिली. बायकोने तिला पाटावर बसवून ओवाळलं आणि वाटीने चुरमुरे, बोरं, हरभरे, उसाचे करवे डोक्यावरून ओतले. तिने आधी खांदे आक्रसले. मग एक बोर कपाळावरून नाकावर घसरलं आणि ती खदखदून हसली. पोरांची झुंबड उडाली आणि तीही त्यांच्यात घुसली. तिच्या दोन्ही मुठींत चुरमुरे होते. चार वर्षांत मी हे कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात माझी आत्या पुढे झाली. "शकुनाचा एक कण तरी जाऊ दे पोटात," म्हणत तिने तिळगूळ मुलीच्या ओठांना लावला. मी आत्याचं मनगट धरलं.

"सोड. मी काय विष घालतेय?"

"तिला तसंच वाटतं, आत्या."

"चार वर्षांच्या पोरीचं ऐकून चालणार तू?"

"हो."

आत्या वाण न घेताच निघाली. आई तिच्यामागे जिन्यापर्यंत धावली आणि परत येऊन माझ्यावर उखडली. मोठ्यांचा काही मान? मी म्हटलं, मान ठेवायला मी तयार आहे, पण तो माझ्या मुलीच्या घशातून जाणार नाही. आत्या अजून माझा फोन घेत नाही. न घेऊ दे. उद्या पुन्हा तसं झालं तर पुन्हा मनगट धरीन.

मुलगी मात्र तेव्हाच पडद्यामागे गेली होती. मुठी रिकाम्या, हात तोंडावर. आठ महिने पाण्यात गेले, असं मला वाटलं. बायकांनी हळदीकुंकू घेऊन काढता पाय घेतला. मी झाडू घेऊन चुरमुरे गोळा करत बसलो. डोळे भरून येत होते आणि रागही आवरत नव्हता.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. तिने जमिनीवरचं एक बोर उचललं, फ्रॉकला पुसावं तसं परकराला पुसलं आणि माझ्या तोंडासमोर धरलं. ओठांना लावलं नाही. चार बोटं अलीकडेच थांबली.

"बाबा, पाहिजे?"

का कोण जाणे, मी म्हणालो, "नको."

तिने लगेच हात मागे घेतला आणि बोर वाटीत ठेवून दिलं. मला हे शिकायला तीन वर्षं लागली होती.